पहिला नमुना कोंबडीच्या कवटीचा

प्राण्यांचे नमुने जतन करायला शिकायचंय? मग कातडीत पेंढा भरण्याआधी हाडांवर हात बसवा. चिकनवाल्याकडून गावरान कोंबडीचं डोकं मागून घ्या. ब्रॉयलर जेमतेम दीड महिन्याचा असतो, त्याच्या कवटीची हाडं नीट जुळलेली नसतात आणि सुटी होऊन हातात येतात. डोकं उकळू नका. चरबी हाडात मुरते, कवटी पुढे पिवळी पडते. साध्या पाण्यात झाकून ठेवा, मांस कुजून आपोआप सुटतं. (वास भयंकर येतो, घरात ठेवू नका.) हातमोजे घालून धुवा, भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात तेलकटपणा काढा, मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवा. ब्लीच मात्र नको, हाड भुसभुशीत होतं. आणि रस्त्यात मेलेलं घुबड किंवा मुंगूस उचलून आणू नका, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.