पायथन आणि ‘रामाला भाला मारा’

पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकताना मजकुरावरचा जो प्रश्न बहुतेक सरावसंचांत असतो, तो म्हणजे दिलेला मजकूर उलटसुलट सारखाच वाचला जातो का, हे तपासणे. इंग्रजी शब्दांवर चोख चालणाऱ्या माझ्या प्रोग्रॅमला मी मोकळ्या जागा काढून ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य दिले, तेव्हा उत्तर आले ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’. लांबी विचारली असता सात अक्षरांऐवजी 14 हा आकडा मिळाला. पायथन 3 मधील स्ट्रिंग, म्हणजे साठवलेला मजकूर, ही युनिकोड संकेतांकांची (प्रत्येक चिन्हाला दिलेल्या ठरावीक क्रमांकांची) मालिका असते आणि त्यात ‘रा’ म्हणजे ‘र’ व काना असे दोन स्वतंत्र संकेतांक असल्यामुळे, स्ट्रिंग उलटली की काना र च्या आधी येतो आणि तुलना पहिल्याच पायरीवर फसते.

उपाय पायथनसोबत येणाऱ्या ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमध्ये (तयार कोडच्या संचात) सापडला. प्रत्येक संकेतांकाची श्रेणी पाहायची. ती ‘एम’ने सुरू होत असेल, म्हणजे मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त असेल, तर तो मागच्या अक्षराला जोडायचा. मागचे अक्षर हलन्ताने संपत असेल तर पुढचे व्यंजनही त्यालाच जोडायचे, नाहीतर ‘विद्या’मधील ‘द्या’ तुटतो. अशी तयार झालेली यादी उलटल्यावर उत्तर ‘ट्रू’ आले. ‘दुसऱ्या’मधील ‘ऱ’ मात्र एका संकेतांकाने किंवा र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा दोन प्रकारे साठवता येतो, त्यामुळे तुलनेपूर्वी ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन ‘एनएफसी’ या, असे दोन संकेतांक जोडून एक करणाऱ्या पर्यायासह वापरणे मला आवश्यक वाटते.