जुना कॉम्प्युटर सुरू होईना: कॅबिनेट उघडण्याआधीची तयारी

दहा-बारा वर्षांचा कॉम्प्युटर एखाद्या सकाळी अडून बसला की दोन सल्ले लगेच मिळतात: नवा घ्या, नाहीतर फॉरमॅट मारून घ्या. दोन्ही घाईचे. यंत्राला आज काही किंमत नसेल, पण आतल्या हार्ड डिस्कवर सोसायटीचे हिशेब असतात, मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर असतो, आजोबांनी एकेक अक्षर शोधून टाइप केलेल्या आठवणी असतात. त्यामुळे तयारी आधी तो मजकूर वाचवण्याची करायची, यंत्र सुरू करण्याची नंतर.

सामान शनिवारपर्यंत जमवा. वेळ मिळतो रविवारी, आणि मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडची, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गाची, कॉम्प्युटरच्या सामानाची बहुतेक दुकानं नेमकी त्याच दिवशी बंद असतात. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. तिथून मुख्यतः आणायची ती साटा-टू-यूएसबी केबल, म्हणजे काढलेली डिस्क (साटा हा तिचा कनेक्टर) दुसऱ्या कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडणारी, आणि तीही अडॅप्टरसकट. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट वेगळे द्यावे लागतात. नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. यंत्र फारच जुनं असेल तर डिस्कची केबल रुंद, चपटी असेल. ती आयडीई, म्हणजे साटाच्या आधीची पद्धत, तिचा कनेक्टर निराळा. जाण्याआधी प्लग काढून, बाजूचं झाकण उघडून डिस्कच्या मागच्या पिनांचा मोबाइलवर फोटो काढा आणि दुकानात तोच दाखवा. बाकीचं घराजवळ मिळतं: घड्याळवाल्याकडे सीआर २०३२ सेल, पांढरा खोडरबर, कोरडा मऊ ब्रश, स्टार स्क्रूड्रायव्हर, स्क्रू ठेवायला झाकणाची डबी. मजकूर उतरवायला जुन्या डिस्कहून मोठी एक रिकामी एक्स्टर्नल डिस्क हवी.

शिवाय ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह. दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर रुफस हा प्रोग्राम वापरून त्यात लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम घालून ठेवा. जुन्या बायोससाठी (बायोस म्हणजे यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) रुफसमध्ये ‘एमबीआर’ हा पर्याय निवडायचा. प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना, तेवढं पाहून घ्या. विंडोज उठत नसलं तरी या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करता येतं आणि काहीही इन्स्टॉल न करता फायली बाहेर काढता येतात.

फायली काढताना मराठी माणसाने एक गोष्ट विसरू नये. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखी उमटणारी अक्षरांची पद्धत, सरसकट वापरात येण्याआधीचा मजकूर बहुधा श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामांच्या फॉन्टमध्ये असतो. अशी फाईल दुसरीकडे नेली आणि फॉन्ट मागे राहिला, की पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचका दिसतो. मजकूर शाबूत असतो, पण वाचता येत नाही. म्हणून ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि डेस्कटॉपबरोबर विंडोज फोल्डरातला ‘फॉन्ट्स’ हा फोल्डर पूर्ण उतरवा. पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये स्मरणिकेचे अंक लावले असतील तर त्या फायली आणि सोबतची चित्रं एकाच फोल्डरात राहू द्या. कॉम्प्युटर जे वापरत होते त्यांनाही आधीच विचारा: काका, फायली कुठे ठेवायचात, पासवर्ड काय होता, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावलेलं होतं का? लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय बायोसला हात लावू नका.

आता निरीक्षण. बटण दाबल्यावर काय होतं, याचा आवाजासकट व्हिडिओ काढा. दिवा नाही, पंखा नाही, तर प्रश्न विजेचा. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर बहुधा रॅम (बोर्डावर खोचलेलं मेमरीचं कार्ड) किंवा मॉनिटरची केबल. कंपनीचं चिन्ह येऊन ‘डिस्क बूट फेल्युअर’ लिहून येतं, तर डिस्क किंवा बायोस. बीप किती आणि कशा वाजल्या तेही लिहा; त्यांचा अर्थ बायोसप्रमाणे बदलतो, म्हणून मदरबोर्डचं नावही टिपून ठेवा.

विजेसाठी एक्स्टेन्शन बोर्ड सोडून भिंतीतल्या तीन पिनी सॉकेटमध्ये लावून पाहा. काही जुन्या एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, पाठीवर ११५ आणि २३० असा लाल खटका असतो. तो २३० वरच हवा. एसएमपीएस स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज उरते. शंका असेल तर ओळखीच्याचा चालू एसएमपीएस लावून पाहणं सुरक्षित. आणि तळमजल्यावरच्या खोलीत पावसाचं पाणी कॅबिनेटपर्यंत चढलं असेल तर ‘लावून तर बघू’ म्हणून प्लग लावायचाच नाही.

रॅमवर मात्र वेळ घालवा, मुंबईत तो सार्थकी लागतो. दमट, खारट हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि संपर्क तुटतो. प्लग काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या, रॅम काढून पट्ट्यांवर खोडरबर हलके फिरवा, भुगा बोर्डापासून दूर झटका. स्लॉट ब्रशने साफ करा. मग एकेकच रॅम लावून पाहा, दोन्ही बाजूंचे खटके ‘टक्’ बसेपर्यंत.

घड्याळ दर वेळी जुनी तारीख दाखवत असेल तर बोर्डावरचा तीन व्होल्टचा सेल संपला आहे. सेल बदलण्याआधी बायोसच्या पानांचे फोटो घ्या, विशेषतः बूटचा क्रम (आधी कशावरून सुरू व्हायचं) आणि साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत). सेल मेला की साटा मोड आपोआप बदललेला असू शकतो. मग डिस्क ठणठणीत असूनही विंडोज सुरू होता होता निळा पडदा दाखवतं. तिथे फॉरमॅटची गरजच नसते.

डिस्कमधून टकटक किंवा खरवडल्यासारखा आवाज आला तर मात्र लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहण्यात उरलासुरला मजकूर जातो. आवाज नसला तरी प्रत उतरेपर्यंत चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्कतपासणी, चालवायचं नाही. विंडोज स्वतःहून सुरू करू लागलं तर उलटी गिनती संपण्याआधी कुठलीही कळ दाबून थांबवा. प्रत हातात आल्यावर मग सेफ मोड, म्हणजे मोजक्याच गोष्टींवर चालणारं विंडोज: विंडोज ७ ला एफ८, विंडोज १० ला दोन-तीनदा सुरुवात फसली की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. ७ चा मायक्रोसॉफ्टचा नियमित सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला आणि १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा यंत्र उठलं तरी बँकेची कामं त्यावर नकोत.

यातलं काहीच जमलं नाही तर यंत्र दुरुस्तीला द्या, पण हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. बोर्ड, रॅम आणि एसएमपीएस तपासायला ती लागत नाही. डिस्कच दाखवायची असेल तर ‘फॉरमॅट करू नये, फक्त डेटा काढावा’ असं पावतीवर दुकानदाराकडूनच लिहून घ्या.