पावसाळ्यानंतर बोटीचं इंजिन रुसलं तर

तापोळ्याला शिवसागरच्या (कोयना धरणाच्या जलाशयाच्या) काठावर पावसाळाभर झाकून ठेवलेलं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे अडकवायचं इंजिन) दोरी ओढून सुरू होत नसेल, तर आधी इंजिन बंद करायच्या स्विचवरची लाल सेफ्टी क्लिप जागेवर आहे का, गिअर न्यूट्रलला आहे का आणि टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल आहे का, ते बघा. बऱ्याचदा दुखणं इथंच मिटतं. मग पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबा. होतच नसेल तर नळी कुठंतरी हवा खातेय.

आता स्पार्क प्लग काढा. ओला असेल तर पुसा, परत बसवा, चोक आत ढकलून बंद करा आणि दोरी ओढा. कोरडा असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू काढून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी पाण्याचे थेंब दिसले, की जुनं पेट्रोल काढून टाका (धरणात नव्हे!). इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओल धरतं.