दहा दिवसांच्या शिबिरात पाठ कशी सांभाळावी

इंदूरच्या धम्म मालवा या विपश्यना ध्यान केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला नाव घातलंय? मग आधी बैठकीची उंची बघा. दिवसाचे जवळजवळ दहा तास बसायचं असतं, आणि पाठ बहुतेकदा गुडघ्यांमुळे दुखते. मांडी घातल्यावर गुडघे कंबरेच्या वर राहिले की ओटीपोटाचं हाड मागे कलतं, कंबरेचं नैसर्गिक खोलगट वळण सपाट होतं आणि सगळा ताण मणक्याच्या खालच्या भागावर येतो.

उपाय सोपा: बुडाखाली १०–१५ सेंटिमीटर उंच, घट्ट कापसाची उशी घ्या, फोमची नको, ती अर्ध्या तासात दबते. उशीच्या पुढच्या एक तृतीयांश भागावरच बसा. गुडघा अधांतरी राहिला तर खाली घडी घातलेला पंचा सरकवा. उशांचा मनोरा मात्र रचू नका, हल्लीची ही हौस कंबर उलट जास्त वाकवते.

चौथ्या दिवसापासून अधिष्ठानाच्या, म्हणजे निश्चयाने न हलता बसण्याच्या, तासभराच्या बैठका असतात. त्याआधीच बैठक ठरवून टाका. मधल्या सुट्टीत आडवं पडण्यापेक्षा चाला. जुनं दुखणं असेल तर अर्जातच लिहा, खुर्ची मागायला लाजू नका. कळ पायात उतरली, मुंग्या किंवा बधिरपणा उठल्यावरही टिकला, तर सहन करत बसू नका, आचार्यांना लगेच सांगा.