सीईटीच्या अभ्यासात आधी काय, नंतर काय? या चुका टाळा

पीसीएमची (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) मुलं वेळापत्रक दाखवायला आणतात, त्यात तिन्ही विषयांना रोज सारखा वेळ. पण एमएचटी-सीईटीचा, म्हणजे महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, पेपर तसा वाटलेला नाही! फिजिक्सच्या ५० प्रश्नांना ५० मार्क, केमिस्ट्रीच्या ५० प्रश्नांना ५० आणि गणिताच्या ५० प्रश्नांना तब्बल १००. "गणित जमत नाही सर, केमिस्ट्रीत भरून काढतो," हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. केमिस्ट्री पैकीच्या पैकी आली तरी ५०च मिळणार. निम्मा वेळ गणिताला द्या, आणि तोही सकाळचा, डोकं ताजं असतानाचा.

दुसरी चूक हुशार मुलांची. अवघड गणितं सुटतात म्हणून वेगाचा सरावच करायचा नाही. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पहिल्या पेपरात ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. माझ्याकडे जेईईच्या जाड पुस्तकांतली गणितं सहज सोडवणारी एक मुलगी होती. सराव पेपरात तिला उतार दिलेल्या वळणावरच्या गाडीचा प्रश्न आला. घर्षण नाही, त्रिज्या आणि कोन दिलेला, वेग काढा. सूत्रात आकडे घातले की उत्तर हातात. हिनं कच्च्या कागदावर आकृती काढली, बलांचे घटक पाडले आणि सूत्र मुळापासून सिद्ध करत बसली. उत्तर बरोबर आलं, पण असं प्रत्येक प्रश्नाला केल्यावर वेळ संपली तेव्हा केमिस्ट्रीचे शेवटचे कितीतरी प्रश्न उघडलेलेही नव्हते. त्यातले बरेचसे बारावीच्या पुस्तकातल्या ओळींवरचे, वाचताक्षणी टिक करण्यासारखे होते. मला फार हळहळ वाटली.

तेव्हापासून मी सगळ्यांना पेपरात केमिस्ट्री आधी उरकायला लावतो. रोज २० मिनिटांचा गजर, २० प्रश्न. अडला की खूण करा, पुढे चला. सिद्धता समजून घ्यायलाच हवी, पण ती अभ्यासाच्या टेबलावर.

प्रश्न कोरा सोडू नका. निगेटिव्ह मार्किंग नाही.

अकरावी पूर्ण सोडू नका आणि पूर्ण करतही बसू नका. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, तेही ठरावीक धड्यांवरचे. सरळ रेषा, वर्तुळ, संभाव्यता आधी पक्के करा.

शेवटच्या महिन्यात नवा क्लास लावू नका.

आणि 'हमखास येणारे प्रश्न' म्हणून फिरणाऱ्या पीडीएफ कृपा करून डिलीट करा. सूत्रं स्वतःच्या हातानं वहीत लिहायचा कंटाळा येणाऱ्या मुलांना त्या फार आवडतात. मॉक झाला की चुकलेला प्रश्न त्याच दिवशी, उत्तर न बघता, पुन्हा सोडवा. तेव्हा सुटला तर तुम्हाला वेगावर काम करायचंय, नाही सुटला तर त्या धड्यावर.