संग्रहासाठी जुनं मायनिंग शेअर सर्टिफिकेट घेताय? आधी पत्ता वाचा
अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या कॉमस्टॉक या चांदीच्या खाणींचं सर्टिफिकेट घेताना नुसत्या सुंदर चित्राला भुलू नका, त्यावर बरेचदा दोन ठिकाणं छापलेली असतात ती आधी शोधा. ऑफिस बहुतेक सॅन फ्रान्सिस्कोचं, कारण शेअर्सचा धंदा तिथे चालायचा, पण खाण नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटी गावाकडची, म्हणजे लोकल इतिहास शोधायचा तो त्या गावाच्या स्टोरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), आणि खरी मजा त्यातच आहे. जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र असलेला २५ सेंटचा रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवलेला असेल तर कागद साधारण १८६२ ते १८७२ मधला, अमेरिकेतल्या सिव्हिल वॉरमुळे लागलेला तो टॅक्स तेवढीच वर्षं होता. पंचची भोकं दिसली तर नाक मुरडू नका, ती सर्टिफिकेट कॅन्सल केल्याची खूण. आणि प्लीज लॅमिनेशन करू नका, ॲसिड-फ्री फोल्डरमध्ये ठेवा.