ख्रिस्ती चित्रांतली पानं, फुलं, पाखरं : या चुका टाळा

येशूच्या बाप्तिस्म्याचं चित्र आणि कबुतराच्या चोचीत जैतुनाची डहाळी. हे दिसलं की समजावं, बायबलमधलं वचन न वाचताच ब्रश हातात घेतला आहे. जैतुनाचं पान नोहाच्या कबुतराचं (उत्पत्ती ८:११), पूर ओसरल्याची खूण. बाप्तिस्म्याच्या वेळी पवित्र आत्मा कबुतरासारखा उतरतो (मत्तय ३:१६), तिथे पानाचा उल्लेखही नाही. घोळ होतो तो शांतीचं तयार कबुतर शोधून गिरवण्याच्या घाईमुळे.

नुसती डहाळी पुसूनही भागत नाही. ते तयार कबुतर बाजूने दिसतं, आडवं उडत कुठेतरी निघालेलं असतं. इथे ते येशूवर उतरलं पाहिजे. पंधराव्या शतकातला इटालियन चित्रकार पिएरो देला फ्रान्चेस्का याचं बाप्तिस्म्याचं चित्र पाहा : पंख पसरलेलं कबुतर समोरून दिसतं, बरोबर येशूच्या डोक्यावर.

ही चूक हमखास सापडते ती भिंत रंगवून झाल्यावर, लोक बघायला आले की. मग घाईघाईत डहाळीवर पांढरा फासतात. ॲक्रिलिकमध्ये जुन्या फटकाऱ्यांचा उठाव तसाच राहतो आणि तिरप्या उजेडात पानं पुन्हा दिसू लागतात. रंग पूर्ण वाळू द्या, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून उठाव घासा, मग टायटॅनियम व्हाइटचे दोन-तीन पातळ हात द्या. जलरंगात थॅलो ग्रीन वापरला असेल तर नवा कागद घ्या. तो डाग धुऊन निघत नाही.

दुसरी लाडकी चूक द्राक्षवेलीची. ‘मी वेल, तुम्ही फाटे’ (योहान १५:५) हे वचन खाली सुबक अक्षरात लिहायचं आणि वर खोडापासून तुटलेला, तरीही हिरवागार फाटा काढायचा! पुढच्याच वचनात तुटलेला फाटा वाळतो. म्हणजे चित्र वचनाच्या उलट बोलतं. या विषयात सगळा अर्थ सांध्यात आहे, म्हणून आधी सांधा काढा. जुन्या खोडाची साल पट्ट्यांनी सुटते, तिचा रंग करडा-तपकिरी. त्यावरच्या काडीतून हिरवी फूट निघते. घड फुटीच्या खालच्या पेरांवर, पानाच्या समोरच्या बाजूला येतो. पानाच्या बगलेत नाही. तणावेही पानासमोरच, पण वरच्या पेरांवर. एवढं जमलं की पानं थोडी ओबडधोबड असली तरी चालतात. एकच पान उलटंसुलटं करून चिकटवलेली वेल मात्र लांबूनही ओळखू येते. प्रभुभोजनाच्या चित्रात गव्हाच्या ओंब्यांशेजारी खुडलेला घड ठेवायला काहीच हरकत नाही. तो विषयच वेगळा.

येशूचं प्रतीक असलेल्या कोकराला गोंडस करू नका. प्रकटीकरण ५:६ मधला कोकरा वधलेला दिसतो, पण उभा आहे. फान आइक बंधूंच्या गेंटच्या वेदीचित्रात (१४३२) तो वेदीवर उभा आहे आणि छातीतलं रक्त प्याल्यात पडतं. स्पॅनिश चित्रकार थुर्बारानने मात्र पाय बांधून आडवा ठेवलेला कोकरा रंगवला, तो बलिदानाचा. यातलं एक ठरवा. बांधलेल्या कोकराच्या हाती पुनरुत्थानाचा झेंडा दिला की दोन्ही अर्थ वाया जातात.

मरियेला संदेश देणाऱ्या गब्रिएल देवदूताच्या हातात मॅडोना लिली हवी : सरळ दांड्यावर उघड्या, पसरट फुलांचा झुबका. ईस्टरला दिसणारी लांब कर्ण्यासारखी लिली जपान-तैवानकडची. पंधराव्या शतकातल्या युरोपच्या धर्तीवर रंगवत असाल तर ती तिथे शोभत नाही. आणि अख्खं फूल पांढऱ्याने भरू नका. पाकळ्या हिरवट-पिवळ्या राखाडीत बसवा आणि शुद्ध पांढरा फक्त उजेडाकडच्या कडेला ठेवा.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. बाळ येशूच्या हातातल्या गोल्डफिंच या छोट्या युरोपीय पाखराचं तोंड लाल असतं. अमेरिकन गोल्डफिंचला तो लाल रंगच नसतो, त्यामुळे येशूच्या दुःखसहनाची खूण हरवते. शुभवर्तमानं लिहिणाऱ्या चौघांची चिन्हं अशी : सिंह मार्कचा, बैल लूकचा, गरुड योहानाचा, मनुष्य मत्तयाचा. या चारही चिन्हांना पंख द्या. कृष्णकमळात पाच पुंकेसर म्हणजे येशूच्या पाच जखमा आणि वरचे तीन फाटे म्हणजे तीन खिळे, तेव्हा मोजून काढा. हे फूल मूळचं अमेरिका खंडातलं. मध्ययुगीन धाटणीच्या चित्रात ते घालायचा मोह आवरा.